फणसोंबा

आमच्या परसात एक फणस होता. 'होता' हे क्रियापद लिहिताना आम्हां दोघांत अजूनही मतभेद होतात, कारण त्याचा दहा फूट उंचीचा बुंधा आजही जागेवर उभा आहे. त्याला झाड म्हणावे की झाडाचा अवशेष, हे आम्ही ठरवू शकलेलो नाही. वर्गात आम्ही याहून अवघड व्याख्या बिनदिक्कत सांगत असतो.

फणस आईंनी लावलेला. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई. घरात दोघेही त्यांना आईच म्हणतो.) १९६४ साली लग्न होऊन त्या रायगड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आल्या, तेव्हा गुहागरच्या माहेराहून त्यांनी काप्या फणसाच्या चार आठळ्या पदरात बांधून आणल्या होत्या. चारांतली एक रुजली आणि झाड फळाला आले तेव्हा गरे निघाले बरक्याचे. आठळीतून येणारे झाड आईबापांसारखेच निघेल याची खात्री नसते, हे वनस्पतिशास्त्र आईंना ठाऊक नव्हते असे नाही, पण माहेरने आपल्याला फसवले अशी एक लटकी तक्रार त्यांनी साठ वर्षे जपली. त्याच बरक्याच्या रसाची सांदणे आणि फणसपोळी खाऊन आमचे घर मोठे झाले.

२०२३च्या श्रावणात एका सकाळी आई मागील दारातून आत आल्या त्या हसतच. "अरे, फणसोंबा आलाय आपल्या झाडाला," त्या म्हणाल्या. आम्ही बाहेर जाऊन पाहिले. खोडावर जमिनीपासून आठेक फुटांवर, जिथे पूर्वी एक जाड फांदी होती त्या जागी, घोड्याच्या खुराएवढे, लाकडासारखे टणक, गडद तपकिरी असे काहीतरी खोडाला चिकटून बाहेर आले होते. कडेला पिवळसर किनार होती. आईंच्या चेहऱ्यावर पाहुणा आल्याचा आनंद होता, तर आमच्या पोटात गोळा आला.

कोकणात आणि गोव्यात फणसोंबा हे औषध आहे. फणसाच्या खोडावर येणारी ही कवकाची फळे सुकवून ठेवायची, आणि तान्ह्या मुलाचे तोंड आले, हिरड्या दुखू लागल्या, लाळ फार गळू लागली की सहाणेवर पाण्यात उगाळून तिचा लेप तोंडात आतून लावायचा. आमच्यापैकी एकाच्या तोंडाला बाळपणी तो लागलेला आहे. गुण आला होता असे आई सांगतात, आणि त्या वयाची आठवण कोणाला नसल्यामुळे हे विधान तपासता येत नाही. आज घरात तान्हे मूल असते तर आम्ही ते डॉक्टरांकडेच नेले असते. पण एका घरातल्या दोन पिढ्यांनी एकाच गोष्टीकडे पाहावे आणि एकीला औषध दिसावे, दुसरीला रोग, या प्रसंगाचा ठसा मात्र आमच्यावर राहिला.

भाषेच्या माणसांची खोड अशी की संकट आले तरी आधी शब्द चाचपायचे. बुरशी या शब्दाविषयी मराठीला फारशी माया नाही. भाकरीला आली की भाकरी टाकायची, विचारांना आली की ते बुरसटलेले. भूछत्राची गत थोडी बरी, पण कालच्या पावसात उगवून उद्या नाहीशा होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आपण कुत्र्याच्या छत्रीची उपमा देऊन टाकतो. अळंबीला मात्र ताटात स्थान आहे. गोव्यात वारुळावर उगवणाऱ्या रोयण ओल्म्यांसाठी पावसाळ्यात माणसे रस्त्यावर गाड्या थांबवतात. आणि गोड्या मसाल्यातले दगडफूल? ते ना दगड, ना फूल. कवक आणि शैवाल यांनी एकत्र थाटलेला तो संसार. झाडाच्या सालीवर राखाडी-हिरवट चकत्या दिसतात त्या याच जातीच्या. त्या पाहून घाबरून झाड खरवडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्या चकत्या सालीवर नुसत्या राहतात, लाकूड खात नाहीत. शेवाळाचेही तेच. आमच्या खोडावर आले होते ते निराळे होते.

पहिले आठ दिवस आम्ही सल्ले गोळा केले. बागेच्या कामाला येणाऱ्या गड्याने कोयता काढला आणि 'एका घावात उडवतो' म्हणाला. कोणी चुना-मोरचुदाचे मिश्रण सांगितले. कोणी पोकळी खरवडून सिमेंट भरायला सांगितले, आणि पूर्वी तसे करीतही असत. शेवटी आमच्याच महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला. ते एक लाकडी मोगरी आणि छत्रीची मोडकी काडी घेऊन आले.

आम्ही त्यांना वरचा फणसोंबा दाखवायला गेलो. त्यांनी मान वर केली नाही. "ते मग बघू. आधी पाय बघू द्या," असे म्हणून ते खाली बसले आणि बुंध्याभोवती फिरू लागले. पश्चिमेच्या बाजूला धुण्याचा दगड बुंध्याला जवळजवळ टेकलेला आहे. त्यामागे हात घालून त्यांनी आम्हांला बोलावले. दगडाआड, मूळ आणि खोड मिळतात त्या खोबणीत, पंख्याच्या आकाराचे चार थर एकावर एक आले होते. वरून लाख लावल्यासारखे तांबूस, खालून पांढुरके. आणि दगडावर, दगडामागच्या फरशीवर, त्या पंख्यांच्या स्वतःच्या पाठीवरही कोकोच्या भुकटीसारखा तपकिरी थर होता.

तो थर आम्ही दोन वर्षे पुसत होतो. पावसाने उडवलेली माती असेल असे आम्ही धरून चाललो होतो. ते बीजाणू होते. गॅनोडर्मा नावाच्या कवकाचे, सर म्हणाले. तमिळनाडूत नारळाला होणारी तंजावर मर याच कुळातल्या कवकाची, आणि रस्त्याकडेचे गुलमोहर पावसाळ्यात आडवे होतात त्यांच्या मुळाशी पुष्कळदा याच कुळातले पंखे सापडतात.

मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही इथे आमच्या शब्दांत मांडतो. घराच्या आवारात जुने झाड असलेल्या कोणालाही ते उपयोगी पडावे. आपल्याला दिसते ते कवकाचे फळ. कवक म्हणजे लाकडाच्या आत पसरलेले तंतूंचे जाळे, आणि फळ धरण्याआधी ते कित्येक वर्षे आत जेवत असते. त्यामुळे पंखा काढून टाकणे म्हणजे आंबा तोडून आंब्याचे झाड गेले असे समजणे. फवारणी तिथवर पोचत नाही. सिमेंटने लाकूड कुजायचे थांबत नाही, उलट वाऱ्यात झाड हलते, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत पाणी साचते. काव्यशास्त्र शिकवताना आम्ही लक्षणा-व्यंजनेविषयी तासन्‌तास बोलतो. न्यायशास्त्रातला धूर आणि अग्नी तर हुकमी उदाहरण. इथे धूर पाहूनही आम्ही फडक्याने पुसत राहिलो होतो.

झाडाचा पालाही आमच्या समाधानात भर घालीत होता. त्या वर्षी ऐंशीच्या वर फणस लागले होते, पाने हिरवीगार होती. सर म्हणाले, पाण्याची ने-आण सालीलगतचे ओले लाकूड करते, आणि गाभा हे आधीच मेलेले लाकूड असते. तो कुजला तरी पानाला खबर नसते. गाभा झाडाला उभे ठेवतो, आणि तो गेल्याची खबर वाऱ्याला आधी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाणकारही समजत की लाकूड आधी कुजते आणि मग त्यातून बुरशी उपजते. १८७०च्या दशकात रॉबर्ट हार्टिग या जर्मन शास्त्रज्ञाने हा क्रम उलटा करून दाखवला : कवक आधी, कूज नंतर. त्यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेच्या वनखात्यात काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स शायगोने हजारो झाडे करवतीने उभी चिरून आणखी एक गोष्ट मांडली. आपली कातडी जखम भरून काढते, नव्या पेशी जुन्यांच्या जागी येतात. झाडाला हे जमत नाही. ते जखमेच्या भोवती भिंती उभारते, रोगट भाग आत कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत जाते. १९७७ साली त्याने आणि एका सहकाऱ्याने हे प्रसिद्ध केले. यातली सर्वांत भक्कम भिंत ती, जी झाड जखम झाल्यावर नव्या लाकडाच्या आतल्या बाजूला घालते. म्हणजे जखमेच्या दिवशी जे लाकूड होते ते धोक्यात असते आणि पुढे येणारे बहुधा वाचते.

"ही फांदी कधी तोडलीत?" सरांनी विचारले.

२०११ साली. वरचा मजला चढवताना ती स्लॅबच्या आड येत होती. आम्ही तिशीतले होतो, कर्ज मंजूर झाले होते, गवंडी खोळंबला होता. फांदी खोडाशी अगदी सपाट, सुबक कापून घेतली आणि वर डांबर फासले. तेव्हा आम्हांला ती काळजी वाटली होती. फांदीच्या मुळाशी खोडाला जो किंचित फुगवटा असतो, तो राखून कापायचे असते, कारण भिंत बांधण्याचे साहित्य तिथे असते. तो फुगवटा आम्ही सुबकपणासाठी उडवला. डांबराखाली ओल राहिली. वरचा फणसोंबा तिथून आला.

आणि खालचे पंखे? २०१३ साली आम्ही परसात संडासाची नवी टाकी बसवली, बुंध्यापासून चार फुटांवर, पश्चिमेला. खड्डा खणताना दोन मांडीएवढी मुळे लागली. ती तोडली, चर बुजवला, आणि चिखल नको म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवले. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते, हे आम्हांला आत्ता कळले. त्या काळी आम्ही पर्यावरण आणि साहित्य या विषयावरच्या एका चर्चासत्राच्या तयारीत होतो. हा योगायोग आम्ही बनवलेला नाही. तो आमच्या जुन्या फाइलीत तारखेसह आहे.

मोगरीने सरांनी बुंधा ठोकला. वरती आवाज भरीव येत होता, खाली पश्चिमेला ढप्प. छत्रीची काडी एका खोबणीत वीतभर आत गेली, सहज, भिजलेल्या पावात जावी तशी.

आम्ही आशा सोडली नव्हती. पोकळ झाडे शतकानुशतके उभी असतात हे आम्हांला माहीत होते. सरांनीही ते मान्य केले. वेळू पोकळच असतो आणि सायकलची नळीही. क्लाउस मॅथेक या जर्मन अभ्यासकाने एक ठोकताळा दिला आहे : भोवतीच्या सलग, निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या सुमारे तीस टक्क्यांहून कमी झाली की खोड मोडण्याची भीती वाढते. आमच्या फणसाचा घेर सात फूट, म्हणजे त्रिज्या साडेतेरा इंचांच्या आसपास, म्हणजे चार इंच चांगले लाकूड सभोवार असेल तर खोड तग धरावे. आम्ही लगेच आकडेमोड करून उत्साहाने सांगितली. सर थोडे थांबले आणि म्हणाले, "हा हिशेब खोडाचा आहे. तुमचं दुखणं मुळात आहे. झाड मोडणार नाही, मुळासकट उपटेल." पश्चिमेची मुळे म्हणजे नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याला ताणून धरणारे दोर. ते सुटले की झाड पूर्वेला जाणार. हा ठोकताळा सगळ्यांना मान्य आहे असेही नाही, असे त्यांनी जाता जाता सांगितले.

पूर्वेला शेजाऱ्यांचे पत्र्याचे घर आहे. आमच्या कुंपणापासून सहा फुटांवर त्यांच्या सुनेची खोली, आणि त्या खोलीत तेव्हा पाच महिन्यांचे बाळ.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्या दुपारी आमच्या आळीतले नारळ आणि आंबे एकामागून एक पडले. आमचा फणस उभा राहिला. पुढे तीन वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही तो अभिमानाने दाखवत असू. त्याची मुळे त्या दिवशी किती शाबूत होती हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

शेजारी फार सालस. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आम्ही स्वतः जाऊन सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सर, तुमच्या आईंचं झाड आहे ते. तुम्ही काय ते बघाल." त्यांनी भांडण केले असते तर आम्हांला बरे वाटले असते. त्या रात्रीपासून वारा सुटला की आम्ही जागे होऊन बसू लागलो. शेजारच्या सुनेला बाळासह पुढच्या खोलीत झोपायची विनंती केली. तिने ती पाऊस संपेपर्यंत पाळली.

आईंना सांगण्याचे काम आम्ही एकमेकांवर ढकलले. दसरा झाला, दिवाळी झाली. शेवटी सुनेने सांगितले. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फणसोंबा आला म्हणून तोडायचं? अगो, मग पूर्वीच्या सगळ्या वाड्या तोडायला हव्या होत्या." हे म्हणणे चुकीचे नव्हते. वरचा फणसोंबा एकटाच असता तर वरच्या फांद्या हलक्या करून झाड आणखी वीस वर्षेही राखता आले असते, असे सरांचे मत होते. पंखा कुठे आला यावर पुष्कळ अवलंबून असते. वाळक्या फांदीवर आला तर फांदी काढावी, खोडावर आला तर तपासून घ्यावे, बुंध्याशी आणि मुळांवर आला तर झाड पडले तर कशावर पडेल हे आधी पाहावे. रानात तोच बुंधा असता तर त्याला कोणी हातही लावायला नको होता. अशाच झाडांच्या ढोल्यांत पोपट, पिंगळे आणि धनेश घर करतात. झाड धोकादायक ठरते ते खाली कोणीतरी झोपलेले असते म्हणून. आईंना आम्ही धुण्याच्या दगडामागे नेले. त्यांनी वाकून ते पंखे पाहिले, एकाला बोट लावले, बोट तपकिरी झाले ते पदराला पुसले, आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाळाच्या आईला विचारलंत का, ती काय म्हणते?" त्यावरून आम्ही समजलो.

आपल्या आवारातले झाड आपल्या मर्जीने तोडता येत नाही, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. महाराष्ट्रात नागरी भागासाठी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यात तोडणे याचा अर्थ झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणे इतका व्यापक आहे. २०११ची ती सुबक फांदीही परवानगीवाचून तोडायला नको होती. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष हे नाव दिले, आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. अर्जात वय लिहिताना आम्ही अडखळलो. आईंनी ठणकावून सांगितले, साठ. कागदावर कमी लिहावे असा सल्ला देणारेही भेटले. पण आईंच्या देखत खोटे लिहिणे शक्य नव्हते.

पाहणी झाली. बुंध्यावर नोटीस लागली, हरकती मागवणारी. हरकत कोणाची आली नाही. आई रोज सकाळी ती वाचत. एकदा त्या म्हणाल्या की हरकत कोणी घ्यायची हे त्यात लिहिलेलेच नाही.

झाड पूर्ण न काढता दहा फुटांपर्यंत बुंधा ठेवावा, ही सूचना सरांची. पानोळा गेला की वाऱ्याला धरायला काही उरत नाही, आणि किडे-पाखरांना लाकूड राहते. परवानगी मिळाली आणि २०२४च्या एप्रिलमध्ये, फळे उतरवून घेतल्यावर, दोरखंड बांधून फांद्या वरून खाली अशा तुकड्यांनी काढल्या. दोन दिवस लागले. आई ते दोन दिवस पुढच्या ओटीवर आठळ्या सोलत बसल्या होत्या. चिकाचा वास घरभर होता.

वरचा काप पडला तेव्हा आम्ही शिडी लावून पाहिले. फणसाचे लाकूड पिवळे असते हे माहीत होते. इतके पिवळे असेल असे वाटले नव्हते. तुटलेल्या फांदीच्या बाजूला आत पांढरट, बोटाने चुरेल असे स्पंजासारखे लाकूड होते. त्याच्या कडेने एक काळपट, धारदार रेघ वळत गेलेली. रेघेच्या बाहेर तीन बोटे रुंदीचे लाकूड स्वच्छ, निरोगी. म्हणजे २०११चे झाड आत कुजत होते आणि त्यानंतरचे त्याच्याभोवती उभे होते. शायगोची आकृती आम्ही पुस्तकात पाहिली होती. तिच्यावर बोट फिरवता येईल असे वाटले नव्हते. आमच्यापैकी एकाने फिरवले, आणि मग दोघेही काही न बोलता खाली उतरलो.

ठोकळे आम्ही उखडले आहेत. बुंधा दोन पावसाळ्यांत हिरव्या कोंबांनी भरून गेला. असे कोंब खोडाला वरवर धरलेले असतात, मोठे होऊ द्यायचे नाहीत, असे सरांनी बजावले आहे, म्हणून वर्षातून एकदा आम्ही ते छाटतो, अर्थात परवानगीने. फणसोंबे आता तीन आहेत. एक आईंनी सुकवून डब्यात ठेवला आहे. शेजारच्या बाळाला, आता चांगल्या धावणाऱ्या मुलाला, तो लावायची वेळ आलेली नाही.

साठ झाडांची अट आम्ही महाविद्यालयाच्या मागच्या पडीक जागेत पुरी केली. रोपे विकत आणायला आईंनी नकार दिला. त्याच शेवटच्या फळांच्या आठळ्या त्यांनी पिशव्यांत रुजवल्या, आमचे विद्यार्थी पाणी घालतात, गुरे काही खातात. या पावसाळ्यापर्यंत सदतीस जगली आहेत. त्यांतली कापी किती आणि बरकी किती, हे कळायला अजून सहा-सात वर्षे लागतील.